सगळ्यांनी माझ्या मापाची पाती मागवली

मंडळी, आत्ताच घरी गेलात. समोर बोलता आलं नाही, म्हणून इथे आपल्या सुतारकामाच्या ग्रुपवर लिहितोय.

बाबांनी सत्तरच्या दशकात स्वतः घडवलेला लाकडी रंधा नेहमीपेक्षा रुंद. त्याचं पातं झिजून संपलं, तसं नवीन कुठे मिळेना. तुम्हालाही आपापल्या रंध्यांना नवी पाती हवीच होती, म्हणून आपण एकत्र ऑर्डर द्यायचं ठरवलं, तर कारखानदार म्हणाला, सगळी एकाच मापाची करीन.

मी म्हटलं, "तुमच्या मापाची मागवा, मला सोडा."

राई गावचे पाटीलकाका भडकले. "रुंद पातं घासून कमी करता येतं. अरुंद वाढवता येत न्हाय. याच्याच मापाची मागवा!"

आज माझं पातं थेट बसलं. तुम्ही मात्र दुपारभर आमच्या गच्चीवर आपापली पाती घासत होतात, आणि वर मलाच विचारत होतात, "बाबांचा रंधा कसा चालतोय?"

खरं सांगू? अजून चालवलाच नाही. तुमची सगळ्यांची बसू देत, मग एकदमच चालवू.