माळापर्यंतच्या बातम्या

साताऱ्यात मी राहते त्या खोलीमागं एक शाळा आहे. सकाळी तिचा कर्णा सुरू झाला की मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसते आणि आवरायचं विसरते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि मग कुणीतरी पोरगी घसा साफ करून म्हणते, "आजच्या ठळक बातम्या." एवढं कानावर पडलं की मी साताऱ्यात उरत नाही. तासगावच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात माईकसमोर उभी असते. चहा गार होतो. ऑफिसात उशीर होतो, साहेब बोलतात, मी मान खाली घालून ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत खिडकीत बसते.

आमच्या गावातून सांगलीच्या कॉलेजात जायचं तर रस्ता एकच होता, ह्या शाळेची अकरावी-बारावी विज्ञान. अनुदानित शाळा, पत्र्याचं सायकल स्टँड, एकच प्रयोगशाळा आणि गच्चीवर बागांकडं तोंड करून बसवलेला कर्णा. परिपाठाचं काम भौतिकशास्त्राच्या सरांकडं होतं. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "तुझा आवाज वर्गात मावत नाही. तू माईकवर जा." पोरं हसली. मी मात्र ते कौतुक म्हणून घेतलं, आणि अजूनही तसंच धरून आहे.

बातम्या वर्तमानपत्रातून वाचायच्या असत. पेपर यायचा तासगावच्या पहिल्या एसटीनं, आणि एसटी यायची तिच्या मनानं. थंडीतल्या एका सकाळी गाडीच आली नाही. बाहेर दाट धुकं होतं. समोर रांगेत उभी असलेली शाळा अर्धीच दिसत होती, मागच्या ओळी पांढऱ्यात बुडालेल्या. माझ्या हातात काही नव्हतं आणि सर डोळे वटारून बघत होते. मग मी म्हटलं, "आजच्या ठळक बातम्या. आठवीच्या वर्गात कालपासून एक चिमणी अडकली आहे. शिपाईमामांनी खिडक्या उघडून पाहिल्या, पण चिमणी जायला तयार नाही. सायकल स्टँडवरचा पत्रा वाऱ्यानं सुटला असून विद्यार्थ्यांनी सायकली चिंचेखाली लावाव्यात. बातम्या संपल्या." त्या धुक्यात माझा आवाज कुठंकुठं गेला कोण जाणे. मला आपलं वाटलं, मी ढगातून बोलतेय.

दुपारी घरी जाताना एसटी स्टँडवर बसणाऱ्या एका आजोबांनी हाक मारली. "ये पोरी, ती चिमनी गेली का गं भाईर?"

"गेली की आजोबा."

"मग सांगायचं न्हवं! जीव टांगनीला लावलास."

तिथून पुढं माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पेपर आला तरी मी तो दोन ओळींत उरकायची आणि शाळेच्या बातम्यांवर यायची. खो-खोचा सामना, दहावीच्या बाईंना झालेली मुलगी, प्रयोगशाळेतलं फुटलेलं चंचुपात्र, कुणाचा डबा कुत्र्यानं नेला ते. बागेत विरळणी करणाऱ्या बाया, पंपावर बसलेले बापे, सगळे ऐकायचे. सर म्हणायचे, "बातम्या आहेत का गावगप्पा?" पण त्यांनी माईक काढून घेतला नाही.

वर्गात माझ्या शेजारी बसायची ती कवठे महांकाळच्या बाजूची. मेंढरंवाल्यांची पोरगी. दिवाळी झाली की तिचे वडील मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायचे, आणि आई आमच्या गावाबाहेरच्या माळावर बेदाण्याच्या शेडला काम करायची. मायलेकी तिथंच एका खोलीत राहायच्या. ती बोलायची कमी. मी एवढी बडबडी, पण गणित अडलं की तिच्याच तोंडाकडं बघायची. प्रयोगशाळेत तिला लंबक फार आवडायचा. दोऱ्याला टांगलेला तो पितळी गोळा सोडायचा आणि झोके मोजायचे, एवढाच प्रयोग. माझी मोजणी हमखास चुकायची, कारण त्या गोळ्याकडं बघता बघता मला गुंगी यायची. खिडकीतून ऊन यायचं, गोळा इकडून तिकडं जायचा, आणि मी कुठल्या कुठं निघून जायची. ती मात्र ओठ न हलवता मोजत राहायची. एकदा म्हणाली, "मला सांगलीला जाऊन हेच शिकायचं हाय. आसलंच सगळं." मला फार हेवा वाटला. मला तर काय शिकायचंय तेच कळत नव्हतं.

संक्रांतीनंतर ती यायची बंद झाली.

रविवारी मी माळावर गेले. शेडवरचं काम जोडीचं. खालच्या बाईनं द्राक्षांचा क्रेट द्रावणात बुडवून काढून वर द्यायचा, वरच्या बाईनं रॅकवर चढून जाळीवर घड पसरायचे. तिची चुलती आईच्या जोडीला होती, ती गावाकडं निघून गेली. जोडी मोडली की काम जातं, म्हणून चुलतीच्या जागी ही उभी राहिली होती. हिरव्या जाळीच्या उजेडात तीही हिरवी दिसत होती, द्राक्षंही, तिची आईही. द्रावणानं तिच्या बोटांची सालं निघालेली.

"आईला काय सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं, अकरावीला काय नसतंय. आरामाचं वरीस. बारावीलाच शिकवत्यात सगळं."

"आणि तिला पटलं?"

"सगळेच म्हनत्यात की तसं," ती म्हणाली. ते खरंच होतं. माझ्या घरीही तेच म्हणत. पण सरांनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं, ज्याचं प्रात्यक्षिक बुडेल त्याला बारावीत घेणार नाही. तिचं वर्ष गेलं असतं, आणि एकदा वर्ष गेलं की तिची शाळा संपली, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. परत पाठवायला घरी कुणाला जमणार नव्हतं.

"फोनवर तरी धडे पाठवते," मी म्हटलं.

"फोन एकच. तो मेंढरांमागं गेलाय."

येताना मी शाळेच्या गच्चीवरचा कर्णा लांबून पाहिला. तो थेट माळाकडंच बघत होता. मला एवढा आनंद झाला की मी वाटेनं एकटीच हसत आले.

सोमवारपासून माझ्या बातम्यांत नवीन सदर सुरू झालं. "अकरावी विज्ञानच्या बातम्या. शनिवारी भौतिकशास्त्रात दोलन हे प्रकरण सुरू झालं. लंबकाच्या दोलनकाळाचं सूत्र पुढीलप्रमाणे. टी बरोबर टू पाय, अंडररूट, एल बाय जी." रोज एक सूत्र, रोज एक व्याख्या, आणि ती मी अशी सावकाश, तोडून तोडून सांगायची की लिहून घेता यावी. रसायनशास्त्राच्या बाईंनी कपाळाला हात लावला. पाचवीच्या पोरी 'टू पाय, अंडररूट' म्हणत लंगडी खेळायला लागल्या. सर म्हणाले, "ही शिकवणी कुणासाठी चाललीय?" मी सांगितलं. त्यांनी नुसता माईकचा आवाज थोडा वाढवला.

दर रविवारी मी विचारायची, "ऐकतेस ना? कळतं ना सगळं?" ती हसून म्हणायची, "ऐकते की रोज." मी खुशीत परतायची. मनात म्हणायची, बघा, एवढ्या लांबच्या माळावर मी वर्ग भरवलाय. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्यासारखी हुशार पोरगी जगात नव्हती.

फेब्रुवारीत आमच्या शाळेत बारावीच्या बोर्डाचं केंद्र आलं आणि खोल्या लागणार म्हणून आमची प्रात्यक्षिकं अलीकडं ओढली. सरांनी मला परिपाठाच्या तोंडावर सांगितलं, "भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक आजच. पहिली तुकडी आता, दुसरी दुपारी." तिचा नंबर दुसऱ्या तुकडीत होता. माझा पहिल्या. माळावर जाऊन यायला वेळ नव्हता, आणि जायला सोडणारही कोण होतं?

मी माईक दोन्ही हातांनी धरला. "अकरावी विज्ञान. आज परीक्षा आहे. आज परीक्षा!" परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला आणि कर्णा शिट्टीसारखा किंचाळला. सगळी शाळा हसली. मला रडू येत होतं. सरांनी खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं.

प्रात्यक्षिकात मी काय केलं ते मला आठवत नाही. बाहेर आले तर फाटकातून मायलेकी येत होत्या. आई पुढं, ती मागं. दोघींच्याही अंगावर शेडवरचेच कपडे, हात चिकट, चेहरे लाल. आई कधी शाळेत आलेली नव्हती. तिनं मला ओळखलं, माझ्याकडं बघून मान हलवली आणि लेकीला पाठीमागून ढकलल्यासारखं करून म्हणाली, "जा. हात धू आदी."

ती आत गेली. आई व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिली. आत लेकीनं लंबक बांधला, गोळा सोडला आणि मोजायला लागली. आई बराच वेळ बघत राहिली.

"नुसता गोळा हालवत बसलीया की," ती म्हणाली. "ह्योच अब्यास?"

"हाच मावशी. लय अवघड असतो."

"आसंल." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "येतो मी. माल भिजवून आलोय, तसाच ऱ्हायला तर वाया जायाचा."

एकटीनं जोडीचं काम कसं होणार? मी दप्तर तिथंच टाकलं आणि तिच्याबरोबर निघाले. तिनं नको म्हटलं नाही. वाटेत दोन्हीकडं बागा होत्या, पानांतून ऊन गळत होतं, आणि परीक्षा संपल्याच्या हलकेपणात मला पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. ती भराभर चालत होती. मधेच म्हणाली, "मला म्हाईत हुतं गं."

"काय?"

"अकरावीला बी शिकवत्यात. रोज पोरं दप्तरं घिऊन जात्यात, ती काय खेळायला? पर जोडीला कोन न्हवतं. म्हनलं, आज जाऊ दे. उद्या बी तेच म्हनलं." ती थांबली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. "आज तू वरडलीस तवा तिच्या हातातनं क्रेट पडला. पडला तर उचलीना. मग माज्यानं ऱ्हावलं न्हाई."

शेडवर ती क्रेट द्यायला लागली आणि मी रॅकवर चढून घड पसरायला. मला ते नीट जमत नव्हतं. ती खालून सांगायची, "दाट नगं, पातळ पसर." हिरव्या उजेडात वेळ कसा गेला कळलं नाही. मग शाळा सुटायची वेळ झाली आणि लांबून कर्णा सुरू झाला. सुटायच्या आधी दुसऱ्या दिवशीच्या सूचना वाचतात, त्या कुणीतरी वाचत होतं. मी हात थांबवून कान दिला. आवाज येत होता. शब्द मात्र कळत नव्हते. वारा आला की आवाज मोठा व्हायचा, गेला की बारीक, आणि मधे नुसती गुणगुण. मी जाळीच्या कडेला सरकले. तरी तेच.

"मावशी, काय म्हणतायत?"

"कोन जानं. हितं रोज आसंच येतंय."

"रोज? मी सांगायची तेही?"

"तुजं बी. आज 'परीक्षा' तेवढं कळलं, तू लय वरडलीस म्हनून."

कान गरम झाले माझे. महिनाभर तोडून तोडून सांगितलेली सूत्रं, व्याख्या, सगळं बागांवरच सांडून गेलं होतं. पाचवीच्या पोरींना पाठ झालं आणि जिच्यासाठी सांगितलं तिच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं. आणि ती दर रविवारी हसून म्हणत होती, ऐकते की. मला आधी तिचा रागच आला.

"मग ती 'ऐकते रोज' असं कशाला म्हणायची?" मी विचारलं.

तिच्या आईनं क्रेट वर दिला. मी तो धरला, पण तिनं सोडला नाही. दोघींनी धरलेला तो क्रेट ठिबकत राहिला.

"रोज थांबायची. हातातलं काम टाकून. मी वरडायचो, काय कळतंय का तुला त्यातलं? तर म्हनायची, कळायचं ऱ्हाऊ दे गं आई. ती बोलतीया तवर शाळा चालू हाय, माजी जागा हाय तितं." मग तिनं क्रेट सोडला आणि पाठमोरी झाली. "उद्यापासनं मी बेदाना निवडायच्या कामाला जातो. त्येला जोडी लागत न्हाई."