आधी कलम वाचून दाखव

वाद घालायला मिळाला की मला जेवण सुचत नाही. दोन हजार नऊच्या सुरुवातीला तर मी पंधरा दिवस धड जेवले नव्हते. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमायचो, आणि त्या खेपेला वादाचा विषय होता अमेरिकेचं मंदीवरचं अवाढव्य खर्चाचं बिल. बाजूने बोलणार होता मोटारींच्या कारखान्यातला एक नागपूरकर इंजिनियर. विरुद्ध बोलणार होते मी.

खरं तर अमेरिकेवर टीका करायची माझी ती वेळ नव्हती. पेरुंगुडीच्या ऑफिसात मी तिथल्या एका बँकेचं काम करत होते, आणि त्या बँकेने मला थेट आपल्या नोकरीत, तिकडेच, बोलवायचं कबूल केलं होतं. फक्त पत्र यायचं राहिलं होतं. आमच्या मजल्यावर दर आठवड्याला एखादी खुर्ची रिकामी होत होती आणि मी मात्र चेन्नईच्या उकाड्यात लोकरीचा कोट विकत घेऊन बसले होते. रोज संध्याकाळी तो एकदा घालून बघायचे आणि घामाघूम होऊन काढायचे.

वेलचेरीला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे ते मामा तंजावरी मराठी, शाळेत अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. टीकेचा त्यांच्या घरी एक नियम होता. मामींच्या सांबारात मीठ कमी आहे म्हणायचं तरी आधी वाटी संपवायची. माझ्या भाषणाचं कळल्यावर ते म्हणाले, "पेपर वाचून टीका नक्को करूं, कण्णा. आधी कलम वाचून दाखव, मग काय सांगायचें तें सांग."

मग काय, मी अख्खं बिल इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि छापून आणलं. दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढा गठ्ठा झाला. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मामा आणि मी समोरासमोर बसून पेन्सिली चालवायचो. काय मजा होती त्यात. रस्ते, शाळा, विजेच्या तारा, संशोधन, एकात एक कोंबलेलं सगळं. घाई तर अशी की मत देणाऱ्यांनी तरी हे वाचलं असेल का, अशी शंका यावी. "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं," मी समासात लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

शेवटच्या आठवड्यात मामा एका लग्नासाठी तंजावरला गेले. त्याच शनिवारी दुपारी मला ते कलम सापडलं. सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी परदेशी माणसाला नोकरीत घ्यायचं तर आता कडक अटी पाळायच्या होत्या. मी खुर्चीवरून उठलेच. बाहेर जगाला खुल्या बाजाराचे धडे द्यायचे आणि घरात दाराला कडी लावायची. मामींना झोपेतून उठवून मी ते वाचून दाखवलं. त्या "सरि, सरि" म्हणून पुन्हा आडव्या झाल्या.

रविवारी हॉलमध्ये मी मामांचा नियम पाळला. आधी कलम जसंच्या तसं वाचलं, मग त्याचा मराठीत अर्थ सांगितला, मग तुटून पडले. नागपूरकराने आपले कागद मिटले. टाळ्या थांबेनात, म्हणून लोकांच्या आग्रहाखातर मी ते कलम दुसऱ्यांदा वाचलं. सकाळीच तंजावरहून परतलेले मामा पहिल्या रांगेत बसले होते. फक्त त्यांचे हात मांडीवर होते.

घरी जाताना शेअर ऑटोत मी अजून बोलतच होते. मामांनी मला बोलू दिलं. मग हळूच विचारलं, "तुझें बँक सरकारचे पैसे घेतलें कीं नाहीं?"

"घेतलेत की," मी त्याच जोरात म्हणाले. "ऑफिसात रोज विनोद करतो आम्ही त्यावर."

आणि मग मला ऐकू आलं, मी काय म्हणाले ते. पंधरा दिवस मी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत होते. वेलचेरीला उतरून मी भरभर घराकडे निघाले. जिन्यात रडू फुटलं. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि रडणं संपेपर्यंत ते माझ्याजवळ उभे राहिले.

बिल मंजूर झालं आणि थोड्याच दिवसांत बँकेचं पत्र आलं. मोठं सभ्य होतं, कारणही दिलं होतं. ते मी अर्ध्यावरच सोडलं. पुढचं मला तोंडपाठ होतं.

त्या टाळ्या आठवल्या की मला आजही आनंद होतो, हे कबूल करायला हवं. कोट मी मामींना दिला. त्यांनी तो वर्षानुवर्षं जपला, आणि कुणी विचारलं की सांगायच्या, "आमच्या मुलीचा. ती वाद जिंकली, म्हणून राहिला."