काळवंडलेली रॅम

नातीच्या खोडरबराचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातला बोईसरचा तो रसायनांचा कारखाना आठवतो. तिथला कॉम्प्युटर दर महिन्याला बंद पडायचा. मी दुरुस्तीला जायचो, रॅमची पट्टी काढायचो, तिची काळवंडलेली टोकं खोडरबराने घासायचो आणि तो सुरू व्हायचा.

शेजारी खिडकीलगतच्या टेबलावर जवळच्या कुंभवली गावचा काशिनाथ आवक-जावक लिहायचा. एकदा वाकून बघत म्हणाला, "साहेब, आमच्या घरातली तांब्याची भांडीपन अशीच काळी पडतात. हवाच तशी हाय." आणि बराच वेळ खोकत राहिला.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'या हवेत मशीन टिकणार नाही. एसी केबिनमध्ये हलवा.'

आठवड्याभरात ते हलवलं. काशिनाथचं टेबल खिडकीशीच राहिलं. त्याच्याबद्दल एक ओळ लिहावी, हे मला सुचलंसुद्धा नाही.