खिडकीबाई कंत्राटदार नेमते

बेटावर तिला सगळे ‘खिडकीबाई’ म्हणत. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. उभी नोकरी तिनं धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत काढली होती आणि लाँच सुटायची वेळ झाली की धावत येणाऱ्याच्या नाकासमोर ती खिडकीची झडप आपटायची. हातात आजारी पोर असो नाहीतर लग्नाचं सामान, झडप ती झडप. “लवकर निघायला काय झालं होतं?” एवढं मात्र आतून ऐकवायची. नोकरीतून ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही.

तिचं घर अगदी पाण्याला लागून. भरती खालून निघून जावी म्हणून बेटावरची घरं खांबांवर उभी असतात, तसंच तिचंही. वर चढायला उंच दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना कुंड्या. पायऱ्यांना कठडा नव्हता, कारण कठड्यानं घराची शोभा जाते असं तिचं ठाम मत होतं. त्या शोभिवंत पायऱ्यांवरूनच ती एका सकाळी घसरली. मनगट मोडलं ते जुळलं, गुडघा मात्र कामातून गेला.

मुलगा शहरातून आला आणि त्यानं पहिल्यांदाच आईसमोर आवाज चढवला. “आई, एक तर या पायऱ्या काढून उताराचा रस्ता कर, धरायला कठडा लाव. नाहीतर बॅग भर आणि माझ्याकडे चल. वादळी दिवस लागायच्या आत मी येऊन बघणार आहे.”

शहरातलं ते घर नुसतं आठवलं तरी तिला नको व्हायचं. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. सून इतकी गोड की भांडणाचं टोकच हाती लागत नाही. तिथं आपण महिनाभरात आटपू, अशी तिची खात्री होती. घर सोडायचं नाही, मग आभाळ कोसळो, एवढं तिनं ठरवून टाकलं.

बेटावर कंत्राटदार एकच होता आणि तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. मालवाहू होडी त्याची, मजूर त्याचे, त्याच्याशिवाय बेटावर वीट हलायची नाही. म्हणूनच तिनं त्याला सोडून पलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूस आणला. तो पांढरे बूट घालून आला. मोबाईलवर त्यानं तिला फोटो दाखवले, त्यातल्या घरांना समुद्र होता पण वारा नव्हता. “मॅडम, लूक असा देतो की लोक थांबून बघतील,” म्हणाला. लोक थांबून बघत होते हे खरं, पण हसत हसत. होडीचा खर्च वाचवायला त्यानं बेटाच्या किनाऱ्यावरचीच खारी वाळू सिमेंटात कालवली आणि पायऱ्यांच्या डोक्यावर प्लायवूडची घसरगुंडी ठोकली. चमकदार कठड्याला पंधरवड्यात गंज चढला. प्लाय फुगलं. दुपारची लाँच चुकायला नको म्हणून त्याची माणसं काम अर्धवट टाकून पळायची, आणि एके दिवशी पळाली ती आलीच नाहीत. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असायचे.

खिडकीबाईचा तिळपापड झाला. पण दिवस थोडे उरले होते. शेवटी तिनं लाँचवाल्याकरवी भावाला निरोप धाडला. “त्याला सांग, एका गिऱ्हाईकाचं काम आहे. बहीण म्हणून नाही बोलावलेलं.”

दोघांच्या बोलण्याला कधीचं कुलूप होतं आणि ते घालायला कारणही तसंच होतं. त्यांची आई शेवटची वर्षं हिच्याकडे होती. आईचे गुडघे गेले तेव्हा भाऊ टेप घेऊन आला, अंगण मोजलं, आईला उभं करून तिचा हात कुठवर येतो ते मोजलं आणि म्हणाला, उतार करून देतो, कठडा करून देतो, तुला काही खर्च नाही. हिनं साफ उडवून लावलं. घराचा दवाखाना करायचा नाही, माझ्या कुंड्या हलायच्या नाहीत. मग आई वरच राहिली. खिडकीशी बसून धक्क्याकडे बघायची, आणि कोणी विचारलं तर “मला वरूनच छान दिसतं” म्हणायची. ती खाली आली ती चौघांच्या खांद्यांवर. त्या वेळी जमलेल्या सगळ्यांसमोर भाऊ मोठ्यानं म्हणाला, “उतरवलीस बाई एकदाची!”

त्या एका वाक्यानं आपला चारचौघांत पाणउतारा केला, हे खिडकीबाईनं मनात धरलं. आई वर का बसून राहिली, हे मात्र तिनं मनात कधी धरलं नाही. त्या बाजूची झडप तिनं केव्हाच लावून घेतली होती.

निरोप पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आला. पायरी चढला नाही. खालूनच म्हणाला, “बोला बाई, काय काम आहे?”

सख्ख्या बहिणीला बाई आणि अहोजाहो! ती खिडकीतूनच कडाडली, “डोळे फुटलेत का? दिसत नाही काय करून ठेवलंय ते?”

“दिसतंय. शोभा दिसतेय.” त्यानं बोटानं सिमेंट खरवडलं, ते पिठासारखं सुटलं. “हे सगळं जाणार. पायऱ्याही जाणार. उतार अंगणभर फिरवून आणावा लागेल, म्हणजे कुंड्या गेल्या.”

“अर्ध्या पायऱ्या ठेव.”

“मग अर्ध्याच पडाल. जमत असेल तर सांगा, नाहीतर पांढऱ्या बुटाला फोन लावा.”

तिनं ओठ चावले. आयुष्यात पहिल्यांदा झडप तिच्या नाकासमोर आदळली होती. “कर काय करायचं ते,” ती म्हणाली, “पण डोळ्यात तेल घालून बघणार आहे मी.”

बघितलंही तिनं. रोज खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि तिथून तोफखाना सुरू. पलीकडून आणलेली वाळू मजूर धुऊ लागले तर “माझी टाकी रिकामी करता काय रे!” भिंतीला ओळंबा लावला तर “वाकडं आहे ते!” भाऊ मान वर न करता म्हणायचा, “बाई, वाकडी तुमची मान आहे.” मजूर तोंड फिरवून हसायचे. तिनं कामाच्या माणसांना चहा विचारला, त्याला नाही. तोही घरून थर्मास आणायचा आणि तिला दिसेल अशा जागी बसून, फुरके मारत, सावकाश प्यायचा. शेजारीपाजारी कामधाम सोडून कुंपणाशी उभे राहायचे. इतकी करमणूक बेटावर कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

काम मात्र देखणं झालं. अंगणाला वळसा घालत उतार असा सावकाश खाली आला होता की दुखरा गुडघासुद्धा कुरकुरला नसता. हे तिला दिसत होतं आणि दिसत होतं म्हणूनच ती जास्त चिडली होती.

शेवटच्या दिवशी, मुलगा संध्याकाळच्या लाँचनं यायचा होता तेव्हा, भावानं होडीतून गोणपाटात गुंडाळलेलं लाकूड उतरवलं. गोणपाट सोडलं तर आत कठडा, खुंट्यांसकट तयार. लाकूड जुनं, तेल पिऊन काळं झालेलं, कडा हाताला लागू नयेत म्हणून घोटून गोल केलेल्या.

“जुना माल माझ्या गळ्यात मारतोस होय?” ती ओरडली.

एकेक खुंटी बसवत तो वरपासून खालपर्यंत गेला. कठडा त्या वळणावर नेमका बसला, कुठे कापावा लागला नाही की जोडावा लागला नाही. शेवटचा स्क्रू पिळून तो म्हणाला, “या. उतरून बघा.”

ती दारात आली आणि तिनं हात टाकला तर हात हवेतच. कठडा कितीतरी खाली होता. बापाच्या अंगकाठीवर गेलेली उंच बाई ती, धरायचं तर कमरेत वाकावं लागत होतं.

“अरे मेल्या, हा काय पोरांसाठी केलास? माप घेता येत नाही तुला? एवढी वर्षं बेटाला गंडवतोस ते असंच काय?”

“माप बरोबर आहे.”

“कुणाचं माप?”

भाऊ हत्यारं पिशवीत भरत होता. तो थांबला. “आईचं. तू नको म्हणालीस त्याच्या आधीच करून ठेवला होता.”

खिडकीबाईनं कठडा वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिला.

“उंच करून दे,” शेवटी ती कशीबशी म्हणाली.

“नाही देणार,” तो म्हणाला. “थांब थोडी वर्षं. वाकशील, मग बरोबर येईल.” पिशवी उचलून तो धक्क्याकडे चालू लागला.

लाँच लागली. मुलगा उतरून आला, खालूनच उतार बघून खूष झाला. मग कठडा आईच्या हाताच्या किती खाली राहतोय ते त्याला दिसलं. “आई, हे फार खाली बसवलंय. थांब, मामाला हाक मारतो, वर घेऊन देईल.”

“हात लावायचा नाही त्याला!” ती इतक्या जोरात ओरडली की मुलगा जागच्या जागी थांबला.

मग ती वाकली. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उतरू लागली. लाकूड गुळगुळीत होतं, मुठीत नीट बसत होतं. कुणाचा हात कधी लागला नव्हता त्याला. वळणाशी ती दमून थांबली. तिथून धक्का समोर दिसत होता, लाँच, चढणारी माणसं, तिची जुनी खिडकी, सगळं. वरूनही दिसतं, पण असं नाही.

धक्क्यावर भाऊ होडीचा दोर सोडत होता. वाकून, दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी असलेली बाई त्याला लांबून दिसली आणि तो दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“काय बघतोस?” ती तिथूनच ओरडली. आवाज फाटला.

त्यानं पाठ फिरवली आणि होडी धक्क्यापासून दूर लोटली.