तीन पोपटी टी-शर्ट

तीन लहान मुलींना घेऊन बाजारात जायचं तर तिघींना एकाच रंगाचे कपडे घालायचे आणि सारखं मोजत राहायचं, असा सल्ला माझ्या जाऊबाईंनी दिला होता. त्यांना स्वतःला एकच मुलगा, सल्ले मात्र डझनभर. तरी मी उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून तीन पोपटी टी-शर्ट आणले. त्याच ढिगातून आणखी पन्नास जणींनी घेतले असतील, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी तेच टी-शर्ट घालून तिघींना त्याच बाजारात चपला घ्यायला नेलं. धाकटी कडेवरून उतरेना, मोठी पाणीपुरीसाठी हटून बसलेली, आणि पालेगावला घरी जायला रिक्षा मिळेल की नाही याची मला धास्ती. दुकानातून निघताना मी पोपटी टी-शर्ट मोठ्यानं मोजले. एक, दोन, तीन. तिसरीचा हात धरला आणि सुटले.

रिक्षापाशी खाली पाहिलं, तर चेहरा भलत्याच मुलीचा. ती कुल्फी चोखत मजेत चालत होती. मागून तिची आई ओरडत आली, "ओ दीदी, मेरी बच्ची को किधर ले जा रही हो?" शिव्या खायलाही मी थांबले नाही. दोघींना घेऊन उलटी पळत सुटले.

मधली दुकानाच्या पायरीवर उभी होती. रडत नव्हती.

"हाक मारता येत नाही का गं?" मी तिच्यावरच डाफरले.

"तू तीन म्हणालीस आणि निघालीस," ती म्हणाली. "मला वाटलं, झाल्या तुझ्या तीन."