तुयेत सुकलेली सोलां

काल जेवताना माझी जीभ घसरली. सोलकढीचा घोट घेतला आणि बोलून गेलो — "हिला त्या वर्षीसारखा मशीनचा वास नाही हां!" बायकोने हातातला डाव खाली ठेवला. सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. आता तिला सांगून झालंय, मग तुमच्यापुढे लाज कसली?

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी मेंटेनन्सचा सुपरवायझर. मशीनला ताप आला की धावणारा मोठा डॉक्टर — असा माझाच माझ्याबद्दल समज. त्या मे महिन्यात आभाळ गच्च भरून राहिलं. बायकोच्या माहेराहून, मुळगावहून सोलांसाठी आलेल्या भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, साली ओल्याच. बुरशी धरायच्या बेतात. आणि मला आठवली कॉम्प्रेसरची खोली! फुकटची गरम हवा. ती बाहेर फेकणाऱ्या डक्टच्या तोंडाशी मी सालींची चार सुपं टेकवली — वर पावसाची झड आत नको म्हणून हवा बाहेर जायची भिंतीतली झडपही ओढून घेतली.

हवा जाणार कुठे? कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहिला. बसाप्पा तिथला ऑपरेटर — बेळगावकडचा, बायको गरोदर. दोनदा येऊन सांगून गेला, "साहेब, खोलीची भट्टी झालीया बघा." मी म्हटलं, उद्यापर्यंत कळ काढ. केवढा शहाणा मी, नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन जळालं. कारखाना ठप्प. मालक पोचेपर्यंत सुपं माझ्या गाडीत गेली होती. झडप कुणी लावली? — मालकाने विचारलं. बसाप्पा माझ्याकडे बघत उभा. मी बोलेन असं वाटलं असेल काय त्याला? बोललो ना. म्हटलं — ह्याची सवयच आहे, पाऊस येतो म्हणून लावून घेतो.

संध्याकाळी त्याला काढलं. गेटवर त्याने एवढंच विचारलं — "वैनींची सोलां सुकली?"

सुकली होती. छान सुकली होती.

बायकोने पहिली पुडी त्याच्या बायकोसाठी बांधली — तिला आंबटाचे डोहाळे लागलेले. बसाप्पाला काढलं, हे मी घरी सांगितलंच नव्हतं. पुडी आठवडाभर डिकीत फिरवली आणि मग, कारखान्यात कुणीतरी दिली म्हणून, तिच्याच हातात परत ठेवली.

काल सगळं ऐकून तिने कढीत डाव फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या वाट्याचीं सोलां आमीच खालीं."