सुईत दोरा ओवता आला, तर येते

आमच्या चाकणच्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला, नापास माल लाल पेटीत जातो आणि किस्से चहाच्या टेबलावर. लाल पेटी दर शनिवारी रिकामी होते, टेबल काही रिकामं होत नाही! सध्या तिथे एकच विषय: संदीप कांबळेच्या नव्या फ्लॅटचे लाइट.

संदीपने मोशीत घर घेतलं, पण त्याची आई दापोडीची खोली सोडायला तयार नाही. आयुष्यभर तिथेच ब्लाउज शिवले तिने. शेवटी तिने अट घातली, "तुझ्या घरात सुईत दोरा माझा मला ओवता आला, तर येते."

"आईने तर सरळ पास-नापासचा गेजच हातात दिला राव!" संदीप म्हणाला. आम्ही हसलो, त्याचा चेहरा मात्र रडवेला होता.

*

पहिला सल्ला बाळूनानांचा. नाना मोशीचे मूळ गाववाले, आमचं स्टोअर सांभाळतात.

"आरं, माझ्या बंगल्यात सिलिंगला बेचाळीस लाइट हायेत. पण बिल? काहीच न्हाई!"

"कसं काय नाना?"

"एकच लावतो. बाकीचे पाव्हण्यांसाठी!"

*

मग मेंटेनन्सच्या सलीमभाईंना घेऊन चिंचवडच्या दुकानात गेलो. दुकानदार जास्त वॅटचा लाइट गळ्यात मारायला बघत होता.

सलीमभाई म्हणाले, "भाऊ, वॅट म्हणजे तो खातो किती. ल्युमेन म्हणजे उजेड देतो किती. कमी खाऊन जास्त देणारा दाखवा!"

दुकानदाराने हात जोडले. "असा माणूस मी पण शोधतोय हो!"

*

तरी संदीपने घोळ घातलाच. एलईडी घेतले, पण उजेड निवडला आमच्या तपासणीच्या टेबलावरचा, पांढराफटक! घर बघायला गेलो आणि पाच मिनिटांत नाना, सलीमभाई, संदीप आणि मी, चौघंही भिंतीला नाक लावून उभे. पुट्टीत खड्डा, रंगाचा ओघळ... मी सवयीने लाल मार्करने सात गोल मारले.

संदीपची बायको मनीषा कडाडली, "भिंत आहे ती, तुमचा पार्ट नाही!"

दुसऱ्या दिवशी लाइट बदलले. हॉलला सौम्य पिवळसर आणि आईसाठी ठरवलेल्या कोपऱ्यात, बरोबर डोक्यावर, एकच स्वच्छ पांढरा. माझे गोल अजून भिंतीवर आहेत.

*

परवा संध्याकाळी गृहप्रवेश झाला. बुद्धवंदना झाली, खीर झाली. मग संदीपची आई त्या कोपऱ्यात बसली आणि पिशवीतून सुई काढली.

पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही हुकलं. संदीपच्या तोंडाकडे मला बघवेना.

नाना कळवळून ओरडले, "आरं, समदे लाइट लाव की!"

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. दोरा आरपार!

टाळ्या पडल्या. संदीप तर चक्क रडला. आईने एकदा वर लाइटकडे पाहिलं, दोऱ्याला गाठ मारली आणि ती आमच्याकडे वळली.

"आता चौघं खाली जावा. टेम्पोत माझं मशीन आहे, जपून आणा."